बुटावरचं मीठ

टोरांटोहून मावसबहिणीने बुटाचा फोटो पाठवला. घोट्याभोवती पांढरी रेघ. 'बुरशी आहे का रे ही?' मिरजोळ्यात वाढलेल्या मुलीला हेच सुचणार. आमच्याकडे आषाढात कपाटातली चप्पल पांढरी होते ती बुरशीनेच. तिच्या बुटावर मात्र मीठ होतं.

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकायचा प्रयोग अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये केला. पुढे थंड देशांत ती रीतच झाली. खारट पाणी चामड्यात मुरतं, वाळताना पाणी उडतं आणि मीठ वर येऊन बसतं. उपाय स्वस्त आहे. एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी, त्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बूट हीटरपासून लांब वाळवायचा, मग पॉलिश.

पण चामड्याची आणि मिठाची गाठ फार जुनी आहे. सोललेलं कातडं आपल्या हवेत काही तासांत कुजायला लागतं, म्हणून त्याला मीठ चोळतात. कमावताना तेच मीठ आधी धुऊन काढायचं, चुन्याच्या पाण्यात केस सुटे करायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा. म्हणजे बूट शिवण्याआधीच कुणीतरी त्यातलं मीठ एकदा धुतलेलं असतं. इथल्या एमआयडीसीत रोज सेफ्टी शूज घालून जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

महाराष्ट्रात हे धुणारे हात ढोर समाजाचे. मेलेलं जनावर ओढणं महारांवर लादलेलं, चप्पल शिवणं चांभारांकडे आणि मधला हौद, चुना, वास ढोरांच्या वाट्याला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाला, तिच्या शिवणीचं, वेणीचं कौतुक झालं. कमावणाऱ्याचा विषय सहसा निघत नाही. उलट त्याच्या जातीचं नाव आपण वर्गातल्या मठ्ठ मुलाला शिवी म्हणून देतो. मला हे संतापजनक वाटतं.

त्यांनी स्वतःसाठी दुसरं नाव जपलंय: ककय्या. बाराव्या शतकात बसवण्णांच्या सोबतीला असलेले हे शरण याच जातीतले. त्यांची काही कन्नड वचनं आजही वाचायला मिळतात. मुंबईत हा समाज धारावीत वसला, कारण कातडी कमावण्याचे कारखाने तिथे होते. आज धारावीत पाकिटं, पट्टे, बॅगा शिवल्या जातात. चामडं बहुतेक बाहेरून, कमावलेलंच येतं.