मोटार अपघात विमा दावा

मोटार वाहनाच्या अपघातात मृत्यू, दुखापत किंवा मालमत्तेची हानी झाली असता विमा कंपनीकडून भरपाई मिळावी म्हणून केलेली मागणी. बोलण्यात याला नुसते ‘क्लेम’ म्हणतात आणि त्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळून जातात. आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च आपल्याच कंपनीकडे मागणे हा ‘ओन डॅमेज’ दावा. तो पॉलिसीतील करारावर चालतो. दुसऱ्याच्या वाहनाने जखमी झालेल्या माणसाने किंवा मृताच्या वारसांनी त्या वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध केलेला तो ‘थर्ड पार्टी’ दावा. त्याचा आधार कायदा आहे. मालक आणि कंपनी हे करारातले दोन पक्ष, रस्त्यावरचा परका माणूस तिसरा, म्हणून हे नाव.

भारतात तृतीय पक्षाचा विमा १९३९च्या मोटार वाहन कायद्याने आणला व तो १९४६पासून सक्तीचा झाला. तरीही भरपाईसाठी दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागे. १९५६च्या दुरुस्तीने स्वतंत्र दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी केली. सध्याचा १९८८चा कायदा १ जुलै १९८९पासून लागू आहे. २०१९च्या दुरुस्तीने त्यातील विम्याचे प्रकरण नव्याने लिहिले गेले आणि ते १ एप्रिल २०२२पासून अमलात आले.

गाडीच्या नुकसानीचा दावा त्यामानाने सरळ असतो. कंपनीला ताबडतोब कळवावे, गाडीचे फोटो काढावेत आणि सर्व्हेअरने पाहणी करण्याआधी गॅरेजमध्ये गाडी खोलू देऊ नये. नुकसान ५० हजार रुपये किंवा अधिक असेल तर परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी लागतेच. बिलाची पूर्ण रक्कम सहसा मिळत नाही. प्लास्टिक व रबराच्या भागांवर निम्मी घट धरतात आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. घट न धरण्याचे ‘झिरो डेप’ हे जादा संरक्षण घेतलेले असेल तर ही कपात टळते. कंपनीने दावा नाकारला किंवा अडवून ठेवला तर विमेदाराला विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. महाराष्ट्रात ही कार्यालये मुंबई, ठाणे व पुणे येथे आहेत.

माणूस गेला किंवा कायमचा अधू झाला, तर मात्र प्रकरण न्यायाधिकरणापुढे जाते. अर्ज १९८८च्या कायद्याच्या कलम १६६खाली होतो. अपघात जिथे घडला तिथेच तो करावा लागतो, हा समज चुकीचा आहे. अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो चालतो. नाशिकजवळ अपघात झाला तरी लातूरच्या कुटुंबाला लातुरात दावा लावता येतो. २०२२पासून अर्जाला अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण त्या भरवशावर कोणीही थांबू नये. घरात दुःख असते, दिवसकार्य असते, आणि ६ महिने बघता बघता निघून जातात.

२०२२च्या नियमांनुसार पोलिसांनी प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. घरच्यांनी त्याच्या प्रती मागाव्यात. त्यांच्यासोबत एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल किंवा डिस्चार्ज कार्ड, औषधांची सगळी बिले आणि समोरच्या वाहनाचे आरसी, परवाना व पॉलिसी यांच्या प्रती ठेवाव्यात.

भरपाईची रक्कम न्यायाधीशाच्या मर्जीवर ठरते असे लोकांना वाटते. मृत्यूच्या दाव्यात तरी तसे नाही. तिचे गणित बरेचसे पक्के आहे. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी ते बांधून दिले. समजा, ३४ वर्षांचा गवंडी महिना १५,००० रुपये मिळवत होता. मागे पत्नी, दोन मुले आणि आई आहे. वर्षाचे उत्पन्न १,८०,०००. स्वतःचा धंदा वा रोजंदारी करणारा ४० वर्षांच्या आतला असेल तर भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवतात : २,५२,०००. अवलंबून असणारे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव हिस्सा वजा : १,८९,०००. वयोगट ३१ ते ३५ साठी गुणक १६ : एकूण ३०,२४,०००. यावर अंत्यविधी, मालमत्तेची हानी आणि आप्ताच्या सहवासाला मुकणे यांबद्दलच्या ठरावीक रकमा आणि व्याज.

आता याच गवंड्याचे उत्पन्न सिद्ध झाले नाही आणि न्यायाधिकरणाने महिना ८,००० धरले, तर तेच गणित १६,१२,८०० वर येते. माणूस तोच, मुले तीच. कागदाअभावी १४,११,२०० रुपये गेले. ज्यांच्या कष्टाची कुठेच नोंद होत नाही, त्यांच्या वाट्याला हा अन्याय सर्वाधिक येतो. म्हणून बँकेचे पासबुक, ठेकेदाराची वही, दूध डेअरीच्या पगाराच्या पावत्या, कारखान्याचे उसाचे बिल, जे असेल ते जपावे आणि सोबत काम करणाऱ्याला साक्षीला उभे करावे. शेतकऱ्याच्या बाबतीत न्यायालये म्हणतात की जमीन तर वारसांकडे राहिली, तेव्हा बुडाली ती त्याची मेहनत आणि देखरेख. नुसता सातबारा त्यामुळे पुरत नाही. आता त्या कामासाठी मजूर लावावा लागतो, शेत बटाईने द्यावे लागले, हेही दाखवावे लागते. गृहिणीच्या कामाला मोल नाही हा युक्तिवाद मात्र आता टिकत नाही. कीर्ती प्रकरणात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने तिचे काल्पनिक उत्पन्न धरणे योग्यच ठरवले आहे.

जखमींच्या दाव्यात डॉक्टरच्या दाखल्यावरील टक्केवारीइतकेच त्या माणसाचे कामही महत्त्वाचे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालानुसार, अपंगत्वामुळे कमाईची क्षमता किती घटली हे पाहायचे. पाय गमावलेला कारकून आपली नोकरी करू शकतो. ट्रकचालकाचा धंदाच संपतो.

कंपन्यांचा नेहमीचा बचाव चालकाच्या परवान्याचा असतो. परवाना बनावट वा मुदतबाह्य असला तरी अनेकदा न्यायाधिकरण कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावते आणि ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. मालवाहू टेम्पोतून नेलेल्या वऱ्हाडाची गोष्ट वेगळी. आशा राणी निकालापासून (२००३) मालवाहू वाहनातील फुकट प्रवाशांचा भार विमा कंपनीवर पडत नाही. टेम्पो उलटला तर भरपाई मालकाकडून मिळवायची, आणि त्याच्याकडे बहुधा त्या टेम्पोशिवाय काही नसते. वऱ्हाड ठरवताना हे कोणीतरी बोलून दाखवायला हवे.

चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. कंपनीच्या प्रस्तावावर ते स्वीकारले की कलम १६६चा अर्ज मात्र संपुष्टात येतो. वरचा गवंडी आठवून पाहावा : सही करण्याआधी हा हिशेब घरात मांडलाच पाहिजे. धडक देऊन वाहन पळून गेले असेल, तर कलम १६१ची योजना आहे. मृत्यूला २ लाख व गंभीर दुखापतीला ५० हजार.

दवाखान्याच्या दारातच कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेणारे दलाल भेटतात. त्यांच्या हाती मूळ कागद देऊ नयेत. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला विधी सेवा समिती असते. तिथे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता वकील मोफत मिळतो.