सोवळ्यातलं पुणे आणि ससूनचे वॉर्ड
मी सरकारी इस्पितळात नर्स होते. नाइट ड्युटी, सुजलेले पाय, नातेवाइकांची आरडाओरड सोसली. पण नोकरीला घरातून कुणी नाक मुरडलं नाही. ही वाट आधीच्यांनी मळलेली. १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करतानाच गेल्या. पुढे रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाने (स्थापना १९०९) हिंदू विधवांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला धाडलं. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या रोग्याचा बेडपॅन उचलायचा! सोवळ्याओवळ्याच्या पुण्यात हे पचणं कठीणच. पण या कामाला पगार होता. दिराच्या दारी तुकडे मोडणं त्यामुळे संपलं. सेवेच्या पुण्याचं कौतुक लोकांनी करावं. मला विचाराल तर त्या बायकांची खरी कमाई पगारच.