मुंबईच्या कापड गिरण्यांतील बोनस : बक्षिसीकडून हक्काकडे (१९२४ ते १९८२)

प्रस्तावना :
कामगारांना सामूहिकरीत्या दिलेल्या प्रोत्साहनपर वेतनामुळे उत्पादन वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु हा वाटा कोण ठरवितो, यावरच त्याचा परिणाम अवलंबून असतो. मुंबईतील गिरणी कामगारांच्या बोनसचा इतिहास या दृष्टीने अभ्यासनीय ठरतो.

बक्षिसीचा काळ :
पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत गिरणीमालकांनी काही वर्षे सुमारे एक महिन्याच्या वेतनाइतका वार्षिक बोनस दिला. विणकराला कापडाच्या नगावर, तर सूतखात्यातील अनेकांना ठरावीक मजुरी मिळे. बोनस मात्र सर्वांनाच मिळाला. १९२३ चा बोनस नाकारला जाताच जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखांहून अधिक कामगारांनी संप केला. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने बोनसवर कामगारांचा कोणताही हक्क सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला. संप मोडला, मागणी मात्र टिकून राहिली.

हक्काची मान्यता :
१९५० मध्ये श्रम अपील न्यायाधिकरणाने बोनसचे सूत्र निश्चित केले. नफ्यातून घसारा, यंत्रसामग्रीचे पुनर्वसन, भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के व खेळत्या भांडवलावर २ टक्के परतावा वजा करून उरलेल्या शिल्लकीत कामगारांचा वाटा मान्य झाला. मेहेर आयोगानंतर आलेल्या १९६५ च्या कायद्याने नफा असो वा तोटा, किमान ४ टक्के बोनस बंधनकारक केला. कमाल मर्यादा २० टक्के ठेवली. पुढे किमान दर ८.३३ टक्के झाला. यामुळे कामगाराला सुरक्षितता लाभली, पण त्याच्या श्रमाचा व बोनसचा संबंध क्षीण झाला. १९७५-७६ च्या दुरुस्तीने उत्पादनाशी निगडित बोनसची तरतूद करून तो संबंध पुन्हा जोडण्याचा प्रयत्न केला.

संघर्षाचे स्वरूप :
१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून उसळलेला असंतोष मान्यताप्राप्त संघटनेविरुद्धही होता. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. बोनसबरोबरच वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि प्रतिनिधित्व हे प्रश्नही त्यात होते.

निष्कर्ष :
हजारो कामगारांच्या गिरणीत एकाच्या जादा श्रमाने बोनस किती वाढेल, हे कोणालाही दिसत नसे. त्यामुळे बोनसने यंत्रावरील गतीपेक्षा कामगारांची एकजूट अधिक घडविली. हिशेब विश्वासार्ह नसेल आणि ठरविण्यात कामगारांचा सहभाग नसेल, तर सामूहिक प्रोत्साहन हेच सामूहिक असंतोषाचे कारण बनते, असे या इतिहासावरून स्पष्ट होते.