ध्वनीची अस्सल नक्कल

जुन्या दप्तरांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना 'अस्सल' आणि 'नक्कल' या दोन शब्दांतील अंतर सांगावयास नको. जबलपूरच्या मुलखात हे शब्द मराठ्यांच्या अमलाबरोबर रुळले. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले, पुढे हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. त्या काळचा मराठी कारभार मोडीत चाले. मोडी ही घाईची लिपी. लेखणी न उचलता लिहिता यावे, म्हणून तिने ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडून दिला. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' ही जोडपी मोडीत सारखीच दिसतात. बालबोध मजकूर एकदा मोडीत गेला, की तो पुन्हा बालबोधीत आणताना वाचकाला संदर्भावरून तर्क करावा लागतो. कागदावर जे उरलेच नाही, ते कागदातून कसे निघणार?

ध्वनीच्या नकलेचा इतिहास हा बराचसा याच प्रश्नाचा इतिहास आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गायिकेच्या पुढे होता तो केवळ एक कर्णा. वीज नव्हती, आवाज वाढविण्याची सोय नव्हती. सुमारे तीन मिनिटांत राग उरकावयाचा. सूक्ष्म, तारस्वरी कंपने कर्ण्यातच विरून जात. १९२५ च्या सुमारास विद्युत-मुद्रण आले आणि नंतर चुंबकीय फीत आली, तेव्हा पुष्कळ सुधारणा झाली. परंतु एक दोष राहिलाच. फितीवरून दुसरी फीत केली, की खरखर थोडी वाढे आणि तिसरीवर आणखी वाढे. प्रत्येक नकलनवीस आपल्या हातची एखादी चूक मजकुरात घालतो, तसेच हे होते.

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि या परंपरेत खंड पडला. ध्वनीची लाट सेकंदाला ४४,१०० वेळा मोजावयाची आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवावयाचे, अशी ही रीत. आता नक्कल करावयाची ती आकड्यांची. आकडा नीट उतरला, तर शंभरावी नक्कलही पहिलीइतकीच अस्सल.

अडचण आली ती जागेची. दोन बाजूंच्या ध्वनीचे तीन मिनिटांचे गाणे ३ कोटी १७ लाख ५२ हजार बाइट एवढी जागा घेते. ती वाचविण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला एमपी३चा. मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक स्वर कानाला उमगत नाहीत, म्हणून ते टाकूनच द्यावयाचे. ही ध्वनीची मोडी म्हणावी! ती कामाची आहे, पण टाकलेले परत येत नाही. दुसऱ्या मार्गास इंग्रजीत 'लॉसलेस' म्हणतात. आपण त्यास 'अक्षत' म्हणू. येथे एकही आकडा गमवावयाचा नसतो.

मग जागा वाचते कशी? मागील काही मापांवरून पुढचे माप काय असेल याचा अंदाज बांधावयाचा आणि प्रत्यक्ष माप व अंदाज यांतील फरक तेवढा लिहावयाचा. हे फरक बहुधा लहान असतात आणि लहान आकड्यास जागा थोडी लागते. उलगडताना तोच अंदाज पुन्हा बांधून फरक मिळविला, की मूळ आकडा हाती येतो. ध्वनीविषयीच्या या अंदाजशास्त्राचा पाया १९६० च्या दशकात घातला गेला. जपानात इटाकुरा व साइतो हे त्यावर काम करीत होते आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत कानपूरला जन्मलेले बिष्णू अटल. तानपुऱ्याच्या संथ नादाचा अंदाज यंत्रास सहज येतो. तबकडीच्या खरखरीचा मात्र येत नाही, म्हणून झिजलेली तबकडी कमी आकसते. यंत्राच्या लेखी गाणे आणि ओरखडा यांचे मोल सारखेच!

१९९३ मध्ये केंब्रिजच्या टोनी रॉबिन्सन यांनी 'शॉर्टन' ही रीत काढली, ती या कुळातील आरंभीची. पुढे 'मंकीज ऑडिओ' आली. ती आकसवते अधिक, पण उलगडण्यास श्रमही अधिक घेते. ॲपलची 'अलॅक' २००४ ची, आणि तिची घडण सर्वांस खुली झाली ती २०११ मध्ये. जॉश कोल्सन यांची 'फ्लॅक' २००१ पासून प्रथमपासूनच खुली होती आणि २०२४ मध्ये तिला इंटरनेटच्या प्रमाणपत्रकांत स्थान मिळाले. माझ्या मते जतनाच्या कामी चार-दोन टक्के जागेपेक्षा हा खुलेपणा मोलाचा आहे. मोडी वाचणारे विरळ झाल्यावर रुमालच्या रुमाल मुके झाले, हे आपण पाहतोच.

या रीतींत परस्पर रूपांतर निर्धास्तपणे करता येते. फ्लॅकची अलॅक करा, तिची साधी वेव्ह करा, पुन्हा फ्लॅक करा, आकडे तेच राहतात. शाळेत गुणाकाराचा ताळा पाहत असू, तसा मूळ आकड्यांचा ताळा फ्लॅकच्या पोटातच नोंदलेला असतो. परंतु एमपी३पासून फ्लॅक केली, तर आकार वाढतो आणि गेलेले स्वर गेलेलेच राहतात. बाहेरच्या नावावरही भिस्त ठेवू नये. 'एम४ए' या एकाच नावाच्या फाइलीत अक्षत ध्वनीही असू शकतो आणि छाटलेलाही.

शिवाय अक्षत म्हणजे निर्दोष नव्हे. ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आरंभीच्या तबकड्या साऱ्याच त्या वेगाने भरलेल्या नसत. ७० फेऱ्यांची तबकडी ७८ फेऱ्यांनी फिरविली, तर काळी एकमध्ये गाणारा कलावंत काळी दोनच्या आसपास जाऊन पोचतो आणि फ्लॅक ती चूक इमानाने पुढे नेते. म्हणून पहिले मापन हाच खरा कसोटीचा क्षण. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना त्यासाठी सेकंदाला किमान ४८,००० आणि शक्यतो ९६,००० मापे, तीही २४ बिटांची, घ्यावयास सांगते.

ग्रियर्सन हे आमच्यासारखेच सनदी नोकर. त्यांच्या भाषा-सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात निरनिराळ्या प्रांतांतील बोली तबकड्यांवर घेतल्या गेल्या. त्या तबकड्या टिकल्या, म्हणून आज आकड्यांत उतरून घरबसल्या ऐकू येतात. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचे एकही ध्वनिमुद्रण नाही, आणि त्यावर कोणत्याच रीतीचा इलाज नाही.

या दोहोंच्या मध्ये आपल्या घरांतील कॅसेटी आहेत. जबलपुरातील मराठी घरांतून आजीच्या ओव्या, मंगलाष्टके, गणेशोत्सवातील नाट्यपदे त्यांवर निजून आहेत, आणि त्यांत बुंदेलीचा हेल लागलेली ती मराठीही आहे, जी पुण्यात ऐकू यावयाची नाही. अनेक जण त्यांची एमपी३ करवून घेतात आणि कॅसेट रद्दीत देतात. ती वाजविणारी यंत्रे दुर्मीळ होत चालली आहेत. तेव्हा चांगले यंत्र हाती आहे तोवर २४ बिटांची अक्षत नक्कल करावी, ताळा जुळवून दोन ठिकाणी ठेवावी, फोनवर ऐकावयास हवी तर तिच्यापासून वेगळी एमपी३ काढावी, आणि त्यानंतरही मूळ कॅसेट मोडीत काढू नये.