हिरवळ राखणारे हात

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘गोल्फच्या मैदानाची निगा’ असे सांगितले आणि ते माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांचे काही चुकले नाही. ज्याने उभे आयुष्य कामगारांच्या सभा, मागण्यांची निवेदने आणि न्यायालयाच्या पायऱ्या ह्यांत घालविले, ज्याचे शिक्षण शाळेत थोडे व युनियनच्या कचेरीतील कपाटापाशी पुष्कळ झाले, त्या माणसाने साहेबलोकांच्या खेळावर काय बोलावे? मी गोल्फची काठी कधी हातात धरलेली नाही. तरीही हा विषय माझा आहे. तो माझा कसा झाला, ते आधी सांगतो.

आमचे दीपनगर ही भुसावळजवळची विजेची वसाहत. येथील वीजकेंद्राचा पहिला संच १९६८ साली सुरू झाला. उन्हाळ्यात ह्या भागात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. अशा भूमीत हिरवे गवत जगविणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका ठिकाणच्या बागकामगारांचे गाऱ्हाणे घेऊन मी ठेकेदाराच्या मुनीमाकडे गेलो होतो. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. तेव्हापासून कामगारांची अकुशल, अर्धकुशल आणि कुशल अशी वर्गवारी आपल्या अंगवळणी पडली आहे. आमची माणसे वर्षानुवर्षे अकुशलाच्या रकान्यात होती. मी म्हटले, ह्यांतल्या चौघांना तरी वरच्या रकान्यात घ्या. मुनीम हसून म्हणाला, “भाऊ, गवत कापायला कसलं आलंय कसब? ते तर म्हैससुद्धा करते!” कचेरीत हशा पिकला. माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर न सुचणे हा पुढाऱ्याचा मोठा अपमान असतो, म्हणून मी ते शोधू लागलो. जगात गवत राखण्याच्या कामाला सर्वांत जास्त किंमत कोठे दिली जाते, ह्याचा शोध घेता घेता मी गोल्फच्या मैदानाशी येऊन पोचलो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. लहानसा चेंडू काठीने टोलवीत दूरच्या एका भोकात घालावयाचा. अशी अठरा भोके. भोकाभोवतीचे अतिशय बारीक कापलेले गवत म्हणजे ग्रीन, तेथवर जाणारा हिरवा पट्टा म्हणजे फेअरवे, कडेचे वाढू दिलेले गवत म्हणजे रफ, आणि वाटेत मुद्दाम ठेवलेला वाळूचा खड्डा म्हणजे बंकर. ह्या चारही ठिकाणी गवताची व वाळूची स्थिती ठराविक हवी. ग्रीनवरचे गवत साधारण तीन ते चार मिलिमीटर, म्हणजे आपल्या नखाच्या वाढलेल्या कडेएवढे ठेवतात. फेअरवेवर ते दहा ते पंधरा मिलिमीटर असते. एखादा मिलिमीटर इकडे तिकडे झाला, तर चेंडूची धाव बदलते. सकाळी सहाला येणाऱ्यास आणि दुपारी दोनला येणाऱ्यास मैदानाने सारखाच न्याय द्यावयाचा, ही त्या कामामागची खरी अट आहे.

आता इतिहासाकडे वळू. हा खेळ स्कॉटलंडचा. १४५७ साली तेथील पार्लमेंटने त्यावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्याच्या नादी लागले होते. समुद्रकाठच्या वालुकामय पडीक जमिनीवर तो खेळला जाई. तेथे गवत मेंढ्या व ससे चरून आखूड ठेवीत. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी उकरलेल्या खळग्यांतून बंकर निर्माण झाले, असे सांगतात. म्हणजे मुनीमाच्या म्हशीचे म्हणणे त्या काळापुरते खरे होते! जनावर हेच तेथले पहिले माळी.

परंतु खेळणाऱ्यांची गर्दी वाढली तसे जनावरावर भागेना. सेंट अँड्र्यूज गावच्या एका विणकराचा मुलगा, टॉम मॉरिस, ह्याचे नाव येथे घेतले पाहिजे. तो १८२१ साली जन्मला. मोठ्या खुल्या स्पर्धेत तो १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशा चार वेळा अजिंक्य ठरला. तरीही त्याचे पोट चाले ते मैदान राखण्यावर. १८६४ साली त्याच्या गावच्या क्लबाने त्यास मैदानाचा राखणदार नेमले. पगार वर्षाला ५० पौंड. हाती दिली एक ढकलगाडी, एक कुदळ आणि एक फावडे. अवजड कामासाठी आठवड्यातून दोन दिवस एक मदतनीस. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध मैदानाचा हा सारा सरंजाम होता.

ह्या माणसाने काय शोधले? प्रेस्टविक येथे पूर्वी काम करीत असता त्याच्या गाडीतील वाळू एका ग्रीनवर सांडली आणि काही दिवसांनी तेथलेच गवत अधिक जोमाने आले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, गवतावर वाळूचा पातळ थर देत राहण्याची रीत त्याने आयुष्यभर चालविली, आणि ती आज जगभर चालते. वाळूने खळगे भरतात, पाणी झिरपते, मुळांना हवा मिळते. जमिनीसही विश्रांती लागते, हे जाणून त्याने रविवारी मैदान बंद ठेवले. कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी झगडलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट वाचून किती आनंद झाला असेल, ह्याची कल्पना आपणच करा.

दुसरा शोध यंत्राचा. १८३० साली इंग्लंडच्या स्ट्राउड भागात एडविन बडिंग ह्या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याला ती युक्ती सुचली कापडाच्या गिरणीत. लोकरी कापडावरची लव कातरून पृष्ठ गुळगुळीत करणारे फिरत्या पात्यांचे यंत्र तेथे असे. कापडाची लव कातरता येते, तर जमिनीची का नाही, असे त्याच्या मनात आले. अमळनेर, धुळे, जळगाव ह्या गावांनी गिरण्यांचे भोंगे ऐकले आहेत. त्यांना हे नाते समजावून सांगावे लागणार नाही.

हिंदुस्थानात हा खेळ गोऱ्या साहेबांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. ब्रिटनबाहेरचा तो जगातला पहिला मानतात. मुंबईत १८४२ साली क्लब निघाला. पुढे कित्येक युरोपियन क्लबांत हिंदी माणसास मज्जाव असता, गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन ह्यांनी १९१८ साली मुंबईत हिंदी व युरोपियन दोघांनाही खुला असा क्लब काढला. त्याला गोल्फचे मैदानही आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. ह्या क्लबांचे संस्थापक व अध्यक्ष कोण, हे इतिहासात सापडते. पहाटे लांब बांबूने ग्रीनवरचे दव झटकणारे, विळ्याने रफ छाटणारे, बंकरची वाळू सारखी करणारे हात कोणाचे होते, ते मात्र सापडत नाही. जेथे पाणी नव्हते तेथे आपल्या लोकांनी गवताऐवजी वाळूत तेल मिसळून ती चोपून ग्रीन बनविले. त्यांना ‘ब्राउन’ म्हणत. ही युक्तीही कोणा बिननावाच्या माळ्यांच्या हातांनीच तडीस नेली.

आणि ह्या मैदानांवरचे गवत कोणते म्हणाल? आपली हरळी! गणपतीला वाहतो ती दूर्वा, आणि कपाशीच्या शेतात शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणते तीही हीच. परदेशी लोक हिला बर्म्युडा गवत म्हणतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन हा शास्त्रज्ञ चाऱ्याच्या गवतांवर काम करीत होता. त्याने हरळी व तिची आफ्रिकेतील बारीक पानांची बहीण ह्यांचा संकर करून १९५६ साली ‘टिफग्रीन’ नावाची जात दिली. उष्ण देशांतील ग्रीनचे रूप तिने पालटले. आपण नांगरामागे वेचून बांधावर फेकतो, त्या मुळीची ही संतती.

आता बंकरचे काम पाहा, म्हणजे कसब कशास म्हणतात ते कळेल. खड्डा खणून वाळू ओतली की बंकर झाला, असे नाही. तळाशी खडीत बसविलेला भोकांचा नळ पाणी वाहून नेतो. त्यावर तळाला दहा ते पंधरा सेंटिमीटर वाळू, उतारावर त्याहून पातळ. वाळूचे कण गोल असले, तर चेंडू पडताच आत रुततो. ते कोनाकोनांचे असले, तर एकमेकांस धरून राहतात. वाळूत माती असली, तर नळ बुजतो. म्हणून ती धुऊन घेतात. दंताळे मधून कडेकडे व हलक्या हाताने ओढावे लागते, नाहीतर वाळू तळाशी जमते आणि कडा उघड्या पडतात. आपल्या मुलखात एका रात्रीच्या मुसळधार पावसाने उताराची सारी वाळू खाली येते. सकाळी पाणी उपसावयाचे, वाळूवर आलेला गाळ खरवडून वेगळा काढावयाचा आणि मग वाळू फावड्याने पुन्हा वर चढवून थापावयाची. घाईने दोन्ही एकत्र केले, तर महिनाभरात बंकरचे डबके होते. हे म्हशीचे काम खास नव्हे.

ग्रीनचे शास्त्र तर ह्याहून खोल आहे. अमेरिकेच्या गोल्फ संघाने १९२० साली खास गवतासाठी विभाग काढला. १९६० साली त्याने ग्रीन बांधण्याची रीत ठरवून दिली: खाली दहा सेंटिमीटर खडी, वर तीस सेंटिमीटर वालुकामय थर. ग्रीनवर चेंडू किती धावतो, हे मोजण्यासाठी एडवर्ड स्टिम्पसन ह्याने १९३५ साली पन्हळीसारखी एक पट्टी बनविली, आणि सुधारलेली पट्टी १९७८ पासून क्लबांना मिळू लागली. पट्टीवरून चेंडू घरंगळतो, आणि तो किती फूट गेला ते मोजतात. माळ्याच्या कामाला असे माप मिळाले.

परंतु शास्त्र आले म्हणून मान आला, असे झाले नाही. १३ सप्टेंबर १९२६ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील टोलेडो येथे साठ मैदान-राखणदार एकत्र जमले आणि त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना काढली. जॉन मॉर्ली हा पहिला अध्यक्ष. दुसऱ्याच वर्षी त्यांनी स्वतःचे मासिक सुरू केले. रोग कोणता, खत किती, वाळू कोठली, हे ज्ञान आजवर प्रत्येकाने उराशी धरून ठेवले होते. ते आता लिहून एकमेकांना दिले जाऊ लागले. १९५१ पासून ह्या संघटनेच्या नावात ‘सुपरिंटेंडंट’ हा शब्द आला. ती आपल्या अर्थाने कामगार युनियन नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. तेथे संप नव्हता, लाल बावटा नव्हता, आणि दंताळे ओढणारा मजूर त्या सभेत नव्हता. तरीही एक गोष्ट तिने शिकविली. धंद्याचे ज्ञान धंदेवाल्यांनी स्वतः नोंदविले नाही, तर जग त्याला ज्ञान मानीत नाही.

येथे कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की अठरा भोकांच्या मैदानाला शंभर एकरांहून अधिक जमीन लागते, पाणी तर विचारूच नका. खानदेशात बायाबापड्या टँकरची वाट पाहत उभ्या असता हे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. मैदानाला पिण्याचे पाणी देऊ नये, सांडपाणी शुद्ध करून द्यावे, एवढे तरी मागण्याचा आपल्याला हक्क आहे. पण त्या प्रश्नाचा जाब माळ्याला विचारू नये. जमीन कोणाला द्यावयाची, हे त्याने ठरविलेले नसते.

शेवटी मुनीमाच्या कचेरीकडे परत येतो. दुसऱ्या खेपेस मी एकटा गेलो नाही. गवत कापणाऱ्या एका मावशींना बरोबर नेले. त्यांनी कोणत्या महिन्यात हरळी किती कापावी, उन्हाळ्यात पाते उंच का ठेवावे, कोठे बुडापाशी पाणी साचून गवत पिवळे पडते, हे अर्धा तास सांगितले, आणि मी एका शंभरपानी वहीत लिहून घेतले. मुनीम ह्या वेळी हसला नाही. चौघांपैकी दोघांना अर्धकुशलाचा दर लागला, आणि दोघांचे भांडण अजून चालू आहे. मावशी त्या दोघांत आहेत. वही माझ्याजवळ आहे, आणि दर पावसाळ्यात त्या तिच्यात नवे पान लिहवून घेतात.