मातृत्वलाभाचे कायदे आणि वनोपजावर जगणारी माता : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

प्रस्तावना

मूल झाल्यावर आईच्या रोजगाराचे काय होते, याचे उत्तर देशोदेशीच्या धोरणांनुसार बदलते. स्वीडनने 1974 मध्ये पालकत्वाचा विमा आई-वडील दोघांनाही खुला केला. भारतात मात्र मातृत्वलाभ प्रामुख्याने मालक व नोकरी यांच्याशी जोडला गेला. त्यामुळे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वनोपज गोळा करणारी माता या लाभाबाहेर कशी राहिली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात 1929 मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा झाला. त्याच्या विधेयकाला 1928 मध्ये पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या खर्चाचा बराचसा भार सरकारने उचलावा, असे मत विधिमंडळात मांडले होते. कायद्याने तो मालकावर टाकला. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. तेथेही 1930 मध्ये असा कायदा आला. पण तोही कारखान्यातील स्त्रीपुरताच. 1961 च्या केंद्रीय कायद्याने 12 आठवड्यांची रजा दिली. 2017 मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती 26 आठवड्यांची झाली. मात्र प्रसूतीपूर्वीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम केलेले असावे, ही अट 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिली.

तेंदूपत्ता आणि माता

या अटीपाशीच वनातील स्त्री अडते. तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातील काही आठवड्यांचाच असतो. 70 पानांचा एक पुडा बांधायचा आणि पुड्यांच्या संख्येवर मोबदला घ्यायचा, ही येथील रीत. अंगावर पिणारे मूल असलेली स्त्री काम सोडत नाही. तिचे पुडे कमी होतात, किंवा मूल सासूकडे वा थोरल्या मुलीकडे सोपवले जाते. हे नुकसान कोणत्याही हजेरीपटावर नोंदले जात नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर अनेक ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता विकू लागल्या. तेथे तर मालक कोण, हा प्रश्नच उरतो.

निष्कर्ष

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने नोकरीची अट न घालता गर्भवती व स्तनदा मातांना किमान 6000 रुपयांचा हक्क दिला. 2017 च्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी 5000 रुपयेच ठरवले. रक्कम अपुरी असली तरी दिशा योग्य आहे. लाभ मालकाशी न जोडता मातेशी जोडला, तरच तो जंगलापर्यंत पोहोचेल. आंबेडकरांनी 1928 मध्ये मांडलेला शासनाच्या जबाबदारीचा मुद्दा म्हणूनच आजही विचारार्ह ठरतो.