पुरवठा साखळ्यांमधील स्पर्धा
बाजारात एक कंपनी दुसऱ्या कंपनीशी झुंजत नाही, तर कच्चा माल देणाऱ्यापासून दुकानदारापर्यंतची एक अख्खी साखळी दुसऱ्या साखळीशी झुंजते, असे मानणारी अर्थशास्त्र व व्यवस्थापनशास्त्रातील विचारधारा. मार्टिन क्रिस्टोफर या ब्रिटिश अभ्यासकाच्या १९९२ मधील ग्रंथामुळे ही कल्पना व्यवस्थापनाच्या वर्गांत रुळली. तिची गणिती मांडणी मात्र त्याहून जुनी, आणि बरीच अधिक चक्रावणारी आहे.

सुरुवात एकट्या साखळीपासून होते. समजा, एक वस्तू बनवायला २० रुपये लागतात. १०० रुपयांना ती कोणीच घेत नाही आणि तिथून भाव रुपयाने उतरला की एक गिऱ्हाईक वाढते. उत्पादक स्वतः विकत असेल तर ६० रुपये भाव ठेवून ४० नग खपवतो आणि १,६०० रुपये कमावतो. मध्ये दुकानदार आला की उत्पादक त्याला ६० रुपयांना माल देतो, तो आपला नफा चढवून ८० ला विकतो आणि खप २० नगांवर येतो. उत्पादकाला ८०० मिळतात, दुकानदाराला ४००. गिऱ्हाइकाने जास्त पैसे मोजले, तरी साखळीचे ४०० रुपये बुडाले. हे दुहेरी नफ्याचे दुखणे जोसेफ स्पेंगलर यांनी १९५० मध्ये मांडले. मधला माणूस काढा, हा त्यावरचा सरळ उपाय.

समोर दुसरी साखळी आली की हा उपाय उलटू शकतो. टिमोथी मॅग्वायर व रिचर्ड स्टेलिन यांनी १९८३ मध्ये दोन उत्पादक आणि प्रत्येकाचा एकेक स्वतंत्र दुकानदार असे प्रतिमान मांडले. दोन्ही माल जवळजवळ सारखेच असतील तर मधला दुकानदार उशीसारखा उपयोगी पडतो. घाऊक दर चढवला की आपला दुकानदार भाव वाढवतो, त्यामुळे समोरच्यालाही भाव वाढवणे परवडते आणि भावयुद्ध निवळते. प्रतिस्पर्ध्याच्या किमतीचा आपल्या खपावरील परिणाम स्वतःच्या किमतीच्या परिणामाच्या ०.७०८ पटीहून अधिक असेल, तर दोन्ही उत्पादकांना दुकानदारांमार्फत विकणेच फायद्याचे ठरते. पण ही व्यवस्था आपसूक टिकायला तेच प्रमाण ०.९३१ च्या वर लागते. मधल्या पट्ट्यात प्रत्येकाला दुकानदार वगळण्याचा मोह होतो, आणि दोघांनीही तसे केले की दोघेही पस्तावतात. गिऱ्हाईक तेवढे खूश असते.

या प्रतिमानात प्रत्येक साखळी सुटी आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. जेम्स राइस व रिचर्ड हॉप यांनी २००१ मध्ये दाखवले, की प्रतिस्पर्धी कंपन्यांचे पुरवठादार बऱ्याचदा सामाईकच असतात. साखळी विरुद्ध साखळी असा निखळ सामना विरळा. उदाहरणार्थ, १७ मार्च २००० रोजी वीजवाहिनीवर वीज पडून अमेरिकेतील अल्बुकर्की येथे फिलिप्सच्या चिप कारखान्यात आग लागली. ती दहाएक मिनिटांत विझली, पण धूर आणि पाणी यांनी निर्जंतुक दालने निकामी केली. नोकिया आणि एरिक्सन या दोघांच्याही फोनना लागणाऱ्या चिपा तिथेच बनत. नोकियाने तातडीने दुसरीकडून माल बांधून घेतला. एरिक्सनकडे पर्यायी पुरवठादार नव्हता आणि हालचालही उशिरा झाली. पुढच्याच वर्षी एरिक्सनने आपला फोनचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत नेला.

सिद्धान्ताची नजर बहुधा गल्ल्यावर असते, चढाओढ मात्र पुष्कळदा दुसऱ्या टोकाला, माल कोणाला मिळतो यावर होते. तत्कालीन मुंबई प्रांतातल्या खेडा जिल्ह्याचे दूध पोल्सन कंपनी ठेकेदारांकरवी उचलून चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या मुंबईला पाठवी. भावावर नाराज झालेल्या शेतकऱ्यांनी १९४६ मध्ये पंधरा दिवस तिला दूध घातले नाही, आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी त्यांच्या सहकारी संघाची नोंदणी झाली. पुढे ‘अमूल’ म्हणून ओळखली गेलेली ही साखळी ठेकेदाराची कडी वगळूनच उभी राहिली. जिल्ह्यातल्या त्याच दुधासाठी आता दोन साखळ्या ओढाताण करू लागल्या. विक्रीच्या टोकाला मात्र संघाला पोल्सनच्याच वाटेने जावे लागले. मुंबईत खुशामतीला ‘पोल्सन लावणे’ म्हणत, इतके पोल्सनचे लोणी घरोघरी मुरले होते. ते आंबवलेल्या सायीचे आणि खारट. अमूलचे म्हशीच्या ताज्या दुधाचे लोणी त्यापुढे पांढरे आणि सपक वाटे. शेवटी त्यातही मीठ आणि पिवळा रंग घालण्यात आला.